तिच्या चेहऱ्यावरचं ऊन

१

दर गुरुवारी दुपारी आमच्या थिएटरात म्हातारी माणसं रडायला जमतात. चुकून नाही, ठरवून. धुतलेला रुमाल खिशात घालून येतात. एरवी हॉलमध्ये कुठले कुठले नवे सिनेमे लागतात, पण गुरुवारची दुपार ह्यांची. एकच सिनेमा, काळा-पांढरा, जुन्या मशीनवर, खऱ्या रिळांवर. डिजिटल प्रत चालत नाही. "त्यात जीव नसतो," असं आमचे बाबा म्हणतात. त्यांना घरातला रिमोट चालवता येत नाही, पण जीव कशात असतो ते बरोबर कळतं.

मी वर मशीनरूममध्ये असते. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं तेव्हा बाबा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, मग ओळखीनं इथे चिकटवून दिलं आणि नातेवाइकांत सांगून टाकलं की पोरगी सिनेमा लाइनमध्ये आहे. घरी मला 'अर्धी इंजिनिअर' म्हणतात. रीळ चढवायचं, दिवा पेटवायचा, काचेच्या छोट्या खिडकीतून पडद्याकडे बघत बसायचं, एवढंच काम. मला आवडतं. खाली बसलेल्यांची फक्त टकलं आणि अंबाडे दिसतात, तोंडं दिसत नाहीत.

आता ज्याच्यावर सगळे रडतात तो सीन. इंटरव्हलच्या आधी येतो. नायक शहर सोडून चाललाय, निरोप घ्यायला तिच्या खोलीवर आलाय. दार नुसतं लोटलेलं. ती खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलीय, मान एका बाजूला कललेली, हातात अर्धं विणलेलं काहीतरी. उन्हाची तिरीप सरळ तिच्या तोंडावर आणि त्यामुळे भुवयांमध्ये आठी. तो पडदा शोधतो, पडदा नाही. टोपी काढून खिडकीत धरून बघतो, पुरत नाही. मग स्वतःच खिडकी आणि तिच्या मधे जाऊन उभा राहतो. बस्स. तिच्याकडे बघतही नाही. बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा समोरच्या भिंतीकडे बघत राहतो. मागून येणाऱ्या उन्हानं त्याचा कान नुसता पेटलेला. ऊन सरकतं तसा तो पाऊलभर सरकतो. लांबून गाडीची शिट्टी ऐकू येते, त्याची गाडी. तो हलत नाही.

ह्या सीनवर लोकांनी पुस्तकं लिहिलीत. मी बरीच वाचली, कॉलेजची वाचायच्या ऐवजी. सगळे एकच म्हणतात, स्पर्शाशिवाय इतकं प्रेम पडद्यावर कुणी दाखवलेलं नाही. खरं आहे. दर गुरुवारी शिट्टी वाजली की मीही ओढणीनं डोळे पुसते. हे मी बाबांना मेले तरी सांगणार नाही.

कारण खाली बाबा रुमाल भिजवत असतात. ज्या माणसानं आयुष्यात आईसाठी पंख्याचं बटण दाबलं नाही, तो. आई कधी येत नाही सिनेमाला. तिचं म्हणणं असं की त्या बाईला ऊन लागलं की ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि मला ताप आला की आता चहा कोण करणार ह्या विचारानं.

२

ह्या गुरुवारच्या मंडळींची एक पद्धत आहे. तिला ते 'सावली धरणं' म्हणतात.

आमची मशीनरूम वर असली तरी फारशी उंच नाही, उजेडाचा झोत शेवटच्या रांगेच्या जेमतेम वरून जातो. त्या रांगेत कुणी उभं राहिलं तर डोक्याची सावली पडद्याच्या खालच्या भागात पडते. बुटक्या खुर्चीतल्या त्या बाईचं तोंड नेमकं तिथेच येतं. कधीतरी कुणीतरी उठलं असेल, सावली तिच्या तोंडावर पडली असेल, बाकीच्यांना ते भावलं असेल. आता दर गुरुवारी एकाचा मान. नायकाच्या सावलीत आपली सावली मिळवायची. ज्याची वेळ असेल तो सीनपुरता शेवटच्या रांगेत मधोमध उभा राहतो. पडद्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ.

कुणी उभं राहायचं ते डेंटिस्टकाका ठरवतात. शहरातले निम्मे दात त्यांनी उपटलेत, आता मंडळी चालवतात. बारा महिने गळ्यात मफलर. लग्नातल्या पंक्तीत मानपान चालतात तसं ह्या पाळीवरून चालतं. अमक्याला आधी का, तमक्याची तर गुडघेदुखी आहे. मी वरून बघायचे आणि हसायचे.

त्या गुरुवारी टायपिस्टमावशी उभी राहिली. कोर्टाबाहेर टाईप करण्यात जन्म गेलेली बाई, अजून अंबाड्यात पेन्सिल खोचते. तिची सावली पडद्यावर गेली, अंबाडा, पेन्सिल आणि सगळं, आणि झोपलेल्या बाईच्या तोंडावर बसली. भुवयांमधली आठी हळूहळू गेली. ओठ किंचित सुटले. हॉलमधून एक उसासा आला, सगळ्यांचा मिळून एकच. मलाही वाटलं, काय काम केलंय ह्या नटीनं, झोपेत निवणं असं करून दाखवायचं म्हणजे.

तेवढ्यात रीळ तुटलं.

३

तुटलेलं रीळ जोडणं सोपं असतं. दोन्ही टोकं नीट कापायची, चिकटपट्टी लावायची, दाबायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीजवळच्या टेबलावर ते घेऊन बसले आणि कुठे जोडायचं ते बघायला भिंग लावलं.

फ्रेममध्ये तिच्या तोंडावर ऊन होतं.

पुढची फ्रेम पाहिली. ऊन. हातभर पट्टी सरकवली. तो उभा होता, खिडकीपाशी, बरोबर जिथे असायचा तिथे. पण त्याची सावली तिच्यावर पडतच नव्हती. भलतीकडे, मागच्या कपाटावर पडलेली. क्षणभरात सगळं लक्षात आलं आणि मी मोठ्यानं हसले. शूटिंगवाल्यांची चूक. खिडकीच्या अंगाला त्याचा कान पेटवणारा छोटा दिवा तेवढा होता, तिच्या तोंडावर ऊन पाडणारा मोठा दिवा त्यांनी कॅमेऱ्याच्या अंगाला ठेवला होता. तो बिचारा दिवसभर उभा राहिला असता तरी तिच्यावर सावली पडली नसती. सबंध सीनभर, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत, तिच्या तोंडावर लख्ख उजेड आणि कपाळावर ती आठी. आठी कुठेही जात नव्हती.

म्हणजे इतकी वर्षं इतक्या लोकांनी जी सावली पाहिली, जिच्यावर पुस्तकं लिहिली, ती सिनेमात नव्हतीच. लोकांनी ती आपल्या पदरची घातली होती. चूक त्यांना दिसलीच नाही, तिला ऊन लागू नये हीच इच्छा इतकी जबरदस्त. वेडी माणसं. मी भिंग ठेवून दिलं. इतकी माया मी एका जागी कधी पाहिली नव्हती, आणि तीही कुणासाठी, तर पट्टीवरच्या बाईसाठी.

संध्याकाळी मात्र बाबांना सांगायची संधी मी सोडली नाही. जेवताना सांगितलं, चवीचवीनं. त्यांनी घास खाली ठेवला.

"सावली आहे," ते म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय मी. तुला भिंग धरता येतं का आधी ते बघ."

४

म्हणून मी पुरावा करायचं ठरवलं. सकाळी हॉल रिकामा होता, झाडूवालाही येऊन गेला होता. रीळ चढवलं, मोबाइल काचेला टेकवून धरला. सीन आला. तो पडदा शोधतो, टोपी धरून बघतो, उभा राहतो.

आणि तिच्या तोंडावर सावली आली.

मी आधी काच पुसली. मग लेन्स पाहिली. माझ्या बाजूला काहीही नव्हतं. विज्ञान मी सोडलं असेल, विज्ञानानं मला सोडलेलं नाही. सावली पडायची तर उजेडाच्या वाटेत काहीतरी हवं. फिल्मवर नाही, काचेवर नाही, म्हणजे खाली हॉलमध्ये. पुन्हा काचेला डोळा लावला. शेवटची रांग रिकामी. पडद्यावरच्या सावलीला अंबाडा होता आणि अंबाड्यातून तिरकी पेन्सिल.

तिच्या भुवया सैल झाल्या. ज्या आठीवर मी काल भिंग फिरवलं होतं, ती गेली. ओठ सुटले. इतकी सुंदर दिसत होती ती की भ्यायचं सुचायलाच मला वेळ लागला.

मशीन चालू ठेवून मी खाली धावले. शेवटच्या रांगेत शिरले, खुर्च्यांच्या मधून आडवी आडवी. मधोमध पोचायच्या आधी मी काय केलं ते मला नंतर कळलं. मी अंग चोरलं. पोट आत घेतलं, पाठ पुढच्या रांगेच्या खुर्च्यांना घासली आणि तशीच पलीकडे निघून गेले, रांगेत उभ्या माणसाच्या पुढून जाताना आपण जातो तसं. तोंडून 'सॉरी'सुद्धा निघालं.

तिथे कुणी नव्हतं. एका खुर्चीची घडी तेवढी उघडलेली होती. मोबाइलमध्ये काय आलं होतं म्हणाल तर पडदा, आणि पडद्यावर लख्ख ऊन.

५

टायपिस्टमावशीच्या घरी तिच्या सुनेनं दार उघडलं. मी थिएटरातून आलेय म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. सासूबाई गुरुवारपासून बसत नाहीत, म्हणाली. जेवतात उभ्यानं, झोप लागली तरी उभ्यानंच. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा. तक्रार नाही, चिडचिड नाही. आधी मिठावरून घर डोक्यावर घ्यायच्या, आता इतक्या गोड झाल्यात की भीती वाटते.

मावशी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी होती. पाठीमागे खिडकी नव्हती, कपाट होतं. मी हाक मारली. तिनं मान वळवली नाही, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि पाऊलभर डावीकडे सरकली. अंबाड्याखाली तिची मान दिसत होती. शेतात राबलेल्या माणसाची असते तशी रापलेली, मधे मधे सोलवटलेली.

मी विचारलं, मावशी, बसता का जरा. खुर्ची पुढे केली.

"माझं झालेलं नाही अजून," ती म्हणाली. आवाजात इतकं समाधान होतं की मला तिचा हेवा वाटला. माझ्या घरात तसा आवाज मी कुणाचाच ऐकलेला नाही.

जिना उतरताना मला डेंटिस्टकाकांचा मान झाकणारा बारमाही मफलर आठवला. आणि काका हॉलमध्ये नेहमी भिंतीला टेकून उभेच असतात, हेही आठवलं. मी ते पुढारीपण समजत होते. मंडळीतले आणखी एक-दोघं तसेच, सदा उभे, सदा हसरे. सगळेच का नाहीत, कुणाला ती पट्टीवरची बाई धरून ठेवते आणि कुणाला सोडते, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी पोचले तर बाबा इस्त्री करत होते. स्वतः, स्वतःच्या शर्टाला. पुढच्या गुरुवारची पाळी त्यांची होती.

६

मी सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, न ओरडता. मावशीच्या मानेबद्दल, रिकाम्या हॉलबद्दल. त्यांनी इस्त्री थांबवली नाही. म्हणाले, मंडळींत आता कुठे त्यांना मान मिळतोय तर माझ्या पोटात दुखतंय. स्वतः काही धड पुरं करायचं नाही आणि दुसऱ्याचं पुरं होऊ द्यायचं नाही. आई दारात होती. ती म्हणाली, जाऊ दे त्यांना, उभं राहण्यानं कुणी मरत नाही, मी काय आयुष्यभर बसलेय? पण तिनं ते माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं नाही.

मग मी ओरडले. म्हटलं, इतकी हौस आहे सावली धरायची तर घरी धरा. घरात बाई आहे. जिवंत आहे. तिचं कपाळ कधी बघितलंत?

ह्यावर थोबाडीत बसेल असं मला वाटलं होतं. बाबांनी शर्टाची बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"घरी कसं करायचं ते मला येत नाही," ते म्हणाले. "तिथं नुसतं उभं राहायचं असतं. तेवढं जमेल मला."

आई आत निघून गेली. ह्या माणसाचा मला राग येतो, येत राहील. ज्याच्यावर रागवायचं तो भिंतीकडे तोंड करून गोड होऊन उभा राहिला तर मी रागवायचं कुणावर?

गुरुवारी सकाळी मी मशीनरूममध्ये कात्री घेऊन बसले. तेवढा सीन कापून टाकायचा, जोडून टाकायचा, कुणाला कळायच्या आत संपलं. पट्टी उजेडात धरली. ती झोपलेली होती, कपाळावर आठी. तो उभा होता, भलत्या जागी दिवा लावलेल्या त्या खोलीत, आपली सावली तिच्यावर पडत नाही हे माहीत नसताना. मी कात्री खाली ठेवली. ते कापणं म्हणजे झोपलेल्या माणसाला मारण्यासारखं होतं.

७

बाबा शेवटच्या रांगेत मधोमध बसले. कडक शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. वरून त्यांचं टक्कल दिसत होतं आणि टकलाभोवतीची ती हट्टी झालर. डेंटिस्टकाका नेहमीप्रमाणे भिंतीशी. सिनेमा सुरू झाला. मी दुसरं मशीन तयार केलं, रीळ बदललं, हात शिकल्याप्रमाणे चालत होते.

ती खोली आली. लोटलेलं दार. बुटकी खुर्ची. ऊन.

मशीनला दिव्यापुढे एक पत्र्याची झडप असते, ओढली की पडदा काळा. हात तिच्यावर होता. ओढली असती तर बाबा वाचले असते. पण ती आख्खी काळोखात गेली असती, आणि तिच्याकडे बघताना मला ते करवेना. खाली बाबा खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठायला लागले.

तेव्हा मला सुचलं. तिला सावली हवी होती. कुणाची, ते तिला कुठे माहीत होतं?

झडप सोडून मी हात काचेपाशी नेला, झोतात, तळवा उघडा. मला माहीत होतं की हे चालणार नाही. लेन्सच्या इतक्या जवळ हात धरला तर सगळं चित्रच अंधुक होतं, नेमकी सावली पडत नाही. हे शाळेतली पोरंही सांगतील. पण खाली पडद्यावर खिडकी लख्ख राहिली, त्याचा कान पेटलेला राहिला, आणि फक्त तिच्या तोंडावर पाच बोटांची मऊ सावली आली.

बाबा अर्धे उठलेले तसेच थांबले. पडद्याकडे बघत राहिले. करायचं काम दुसऱ्यानं आधीच करून टाकलेलं दिसावं तसे जरा ओशाळले, आणि बसले. मी पाहिलं, ते बसले. डेंटिस्टकाकांनी मात्र वळून वर काचेकडे बघितलं, आणि माझ्या आजोबांनीही देवापुढे कधी दाखवला नसेल इतक्या आदरानं मान झुकवली.

तिची आठी गेली. हॉलमधून उसासा आला. आजवर मी पाहिलेला तो सगळ्यात सुंदर सीन होता, मी शपथेवर सांगते. शिट्टी वाजली. मी हात काढायचं ठरवलं.

तळव्याला गरम लागत होतं, दिव्याची धग असणार. पण धग थांबून थांबून येत नाही. ही येत होती आणि जात होती, येत होती आणि जात होती, ओलसर, संथ. मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी बारीक थरथरलं, पापणीच्या केसांसारखं.

रीळ संपलं. सुटलेलं टोक मशीनवर फटफट आपटायला लागलं. पडदा नुसता पांढरा झाला आणि खाली दिवे लागले, खुर्च्या वाजल्या, चहासाठी माणसं बाहेर पडली. पांढऱ्या पडद्यावर खालच्या बाजूला मधोमध माझ्या हाताची सावली उरली होती. तिच्या आत काय होतं ते मी बोटांच्या फटीतून एकदाच पाहिलं, आणि मग बोटं जुळवून घेतली, फट राहू नये म्हणून.

जिन्यावर बाबांची पावलं वाजली. ते ह्या खोलीत कधीच येत नाहीत. दारात धापा टाकत उभे राहिले. आधी टोक आपटणाऱ्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता मान घालवला म्हणून बोलतील. त्यांनी विचारलं की मी सकाळपासून काही खाल्लंय का. उभ्या जन्मात पहिल्यांदा. मग म्हणाले, हात भाजेल, काढ. मी काढला नाही, तेव्हा त्यांना कळलं. ते जवळ आले आणि आपला हात हळूच माझ्या हाताखाली सरकवू लागले, झोपलेलं मूल एकीच्या मांडीवरून दुसरीनं घ्यावं तसा.

मी त्यांना कोपरानं मागे ढोसलं. जोरात. त्यांच्या तोंडून शिवी निघाली, आणि ती ऐकून मला फार बरं वाटलं.

"माझा हात आहे ना," मी हळू आवाजात म्हटलं. "तुम्ही बसा."

बाबांच्या वजनानं मागे माझं स्टूल करकरलं.